दुपार झाली की ॲप लटकतंय, रिस्टार्ट मारला की परत चालतंय (स्प्रिंग बूट + पोस्टग्रेस)

टॉवेल_कोडर
मंडळी जरा मदत करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचं डिस्पॅच आणि बिलिंगचं ॲप माझ्याकडे सांभाळायला आलंय. लिहिणारा माणूस कधीच बेंगलोरला गेला, कागद काही ठेवला नाही. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आहे, खाली पोस्टग्रेस डेटाबेस, सर्व्हर कारखान्याच्या ऑफिसातच, ४ कोअर १६ जीबी. सकाळी एकदम झकास. दुपारी तीनच्या पुढं सेव्ह दाबलं की गोल गोल फिरत बसतंय, अर्ध्या मिनिटानी एरर, मग सगळ्यांचंच बंद. मुनीमकाकांना आता रिस्टार्ट कसा मारायचा ते पाठ झालंय, मला फोन पण करत नाहीत.

लॉगमध्ये येतंय ते असं – हिकारी पूल वन, कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस.

मालक म्हणायलेत नवीन सर्व्हर घेऊ. एका ठिकाणी वाचलं की पूल १० वरून १०० करा आणि डेटाबेसचे मॅक्स कनेक्शन्स पण वाढवा म्हणजे सुटतं. करू का तसं?

उजनी_बॅकवॉटर
मालकाला सर्व्हर घेऊ देऊ नको बे, ते पैसे तुझ्या बिलात येऊ देत.

हुतात्मा_एक्सप्रेस
वाढवू नको, निदान आत्ता तरी नको. ती एरर नीट वाच, डेटाबेस बंद पडला असं ती म्हणतच नाहीये. पूलमध्ये, म्हणजे हिकारी लायब्ररी डेटाबेसची कनेक्शन्स आधीच उघडून ठेवते त्या साठ्यात, मोकळं कनेक्शन नाही एवढंच म्हणतीय. हिकारीचा डिफॉल्ट पूल १० चा असतो आणि मोकळं कनेक्शन मिळायची वाट ती ३० सेकंद बघते, तुझं ते अर्धं मिनिट तिथून आलंय. स्प्रिंग बूट २ पासून हिकारी आपोआप येते त्यामुळं कुणी हे आकडे बघतच नाही.

आता मुख्य गोष्ट. पूल असताना कोडमध्ये आपण क्लोज म्हणतो तेव्हा खरं कनेक्शन तुटत नाही, ते पूलला परत जातं आणि पुढच्याला मिळतं. क्लोज म्हटलंच नाही तर पूलच्या हिशोबात ते अजून कुणीतरी वापरतंय. असे १० झाले की अकरावा माणूस ३० सेकंद बसतो आणि एरर खातो. रिस्टार्ट मारला की प्रोसेस मरते, सॉकेट (नेटवर्कची जोडणी) तुटतात, पोस्टग्रेस मागचं सगळं साफ करतो आणि नवीन १० मिळतात, म्हणून तुला वाटतं रिस्टार्टनी बरं झालं. सकाळी चालतं आणि दुपारी लटकतं म्हणजे दिवसभरात एकेक करून गळायलेत, हा लोडचा प्रकार वाटत नाही मला. लोड असता तर गर्दी ओसरल्यावर आपोआप सुटला असता. तुझ्याकडं संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर सुटतं का?

टॉवेल_कोडर
नाही सुटत. रात्री आठला बघितलं तरी तसंच अडकलेलं होतं, ऑफिसात कुणी नव्हतं तरी.

हुतात्मा_एक्सप्रेस
मग गळतीच आहे.

सात_रस्ता
मी फायनल इयरला आहे, बावळट प्रश्न असेल तर माफ करा. जावात गार्बेज कलेक्टर असतो ना, व्हेरिएबल स्कोपच्या बाहेर गेलं की तो उचलतो, मग कनेक्शन का नाही उचलत? आम्हाला लॅबमध्ये कुणी क्लोज लिहायला लावलं नाही कधी आणि प्रोग्रॅम चालायचे की.

हुतात्मा_एक्सप्रेस
बावळट काही नाही, इंटरव्ह्यूत पाच वर्षं अनुभववाले पण इथं अडखळतात. गार्बेज कलेक्टरला फक्त मेमरी कळते. हीप (ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) भरायला लागली की तो पळतो, आणि कनेक्शनचं ऑब्जेक्ट हीपवर अगदी छोटं असतं त्यामुळं दहाच्या दहा अडकले तरी मेमरीच्या बाजूनी त्याला काही घाई नसते. त्या ऑब्जेक्टच्या पलीकडं एक सॉकेट आहे, पलीकडच्या मशीनवर एक प्रोसेस आहे, तिच्या हातात कदाचित लॉक आहे, हे त्याला दिसत नाही. दुसरं म्हणजे पूल स्वतःच्या यादीत प्रत्येक खरं कनेक्शन धरून ठेवतो, म्हणजे कलेक्टर आला तरी त्याला ते कचरा वाटणारच नाही.

लॅबमध्ये चालायचं कारण प्रोग्रॅम दहा सेकंदात संपायचा, प्रोसेस मेली की ऑपरेटिंग सिस्टीम सगळे सॉकेट बंद करते. सर्व्हर महिना महिना संपत नाही.

शेंगाचटणी
मी पीएचपीवाला, आमच्यात ही भानगडच नाही, रिक्वेस्ट संपली की स्क्रिप्ट संपली, कनेक्शन आपोआप बंद. बाकी कनेक्शन उघडं ठेवणं म्हणजे नळ चालू ठेवून झोपण्यासारखं, आणि सोलापुरात असं केलं तर शेजारी घरात येऊन मारतील 😄

डीबीए_काका
नळाची उपमा गोड आहे पण उलटी आहे. चालू नळातून पाणी वाहतं, इथं काहीच वाहत नाही. सीपीयू बघाल तर दोन टक्के, डिस्क शांत, नेटवर्क शांत, आणि तरी सगळं बंद. म्हणून तर माणूस फसतो आणि सर्व्हर बदलायला निघतो. इथं खर्च होतो तो जागेचा. सोलापूरच्याच भाषेत पाहिजे असेल तर नळाला पाणी नाही तरी आपली घागर लावून ठेवली आणि दुसऱ्याला लावू देत नाही, असं म्हणा.

आता मॅक्स कनेक्शन्सचं बोलतो. पोस्टग्रेसमध्ये डिफॉल्ट १०० असतात, त्यातल्या ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे बाकीच्यांना ९७. मायएसक्यूएलमध्ये डिफॉल्ट १५१, आणि वर एक जादा ॲडमिनसाठी, म्हणजे सगळं भरलं तरी ॲडमिनला आत जाऊन बघता येतं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस उभी करतो, मायएसक्यूएल एक थ्रेड देतो. ती प्रोसेस फुकट नसते, मेमरी खाते, आणि सॉर्टसाठी वर्क मेम (त्या कामाला दिलेली मेमरी) प्रत्येक कनेक्शनला वेगळा, एकाच क्वेरीत दोनतीन सॉर्ट असले तर तितक्या वेळा वेगळा. ४ कोअरच्या मशीनवर १०० जण एकदम काम करायला लागले तर १० जणांपेक्षा हळू काम होईल, लवकर होणार नाही. हिकारीच्याच लोकांनी पूल किती असावा त्याचा अंदाज दिलाय, कोअर गुणिले दोन अधिक डिस्क. म्हणजे तुमच्या मशीनला ९, आणि तुमचा १० आहे. योग्यच आहे.

आणि पूल १०० चा केलात तर काय होईल ते सांगतो. दुपारी तीनऐवजी आठवड्यानी अडकेल. मग रोजचा प्रकार आठवड्याचा झाल्यामुळं सापडणं अजून अवघड. शिवाय पूल १०० आणि पोस्टग्रेसला ९७, म्हणजे शेवटी पोस्टग्रेसच म्हणेल सॉरी टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी, आणि तेव्हा फक्त हे ॲप नाही, त्या डेटाबेसवर जे जे चालतं ते सगळं बंद. आत्ता निदान नुकसान पूलपाशी थांबतंय.

टॉवेल_कोडर
काका पटलं. मग बघायचं कुठून? कोड ४०० फायलींचा आहे.

डीबीए_काका
कोड नंतर. पुढच्या वेळी अडकलं की मुनीमजींना सांगा रिस्टार्ट मारू नका, आधी पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी बघायची, म्हणजे पोस्टग्रेसमध्ये आत्ता कुठलं कनेक्शन काय करतंय ती यादी. स्टेट, स्टेट चेंज, वेट इव्हेंट टाइप आणि क्वेरी एवढे कॉलम पुरे. रिस्टार्ट मारला की पुरावा गेला.

हुतात्मा_एक्सप्रेस
आणि हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड चालू कर, डिफॉल्ट शून्य म्हणजे बंद असतो. २०००० मिलिसेकंद ठेव. एखादं कनेक्शन २० सेकंदांच्या वर बाहेर राहिलं की ॲपरंट कनेक्शन लीक डिटेक्टेड म्हणून लॉगमध्ये येतं आणि ते कुठल्या ओळीतून घेतलं होतं त्याचा पूर्ण स्टॅक ट्रेस छापतो. लक्षात ठेव तो फक्त बोंब मारतो, कनेक्शन परत आणत नाही. मॅक्स लाइफटाइम ३० मिनिटांचा असतो तो पण इथं उपयोगाचा नाही, कारण वापरात असलेलं कनेक्शन हिकारी कधी तोडत नाही, क्लोज झाल्यावरच निवृत्त करते.

जुळे_सोलापूर
टॉमकॅटच्या पूलमध्ये रिमूव्ह अबँडन्ड असतं ना, ते तर ओढून परत आणतं. हिकारीत का नाही दिलं?

हुतात्मा_एक्सप्रेस
आणतं, पण त्याला कसं कळणार की विसरलेलं आहे की खरंच मोठी रिपोर्ट चालू आहे? वेळ बघून ओढतं. मी ज्या ठिकाणी ते चालू बघितलं तिथं महिनाअखेरीची रिपोर्ट मधेच मरायची आणि लोक नेटवर्कला शिव्या द्यायचे. मला ते आवडत नाही, ज्याला आवडतं त्यानी वापरावं.

टॉवेल_कोडर
आज अडकलं. मुनीमकाकांना हात लावू दिला नाही. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत ॲपची बरोबर १० दिसली. त्यातली ३ आयडल इन ट्रान्झॅक्शन, आणि त्या तिन्हींची शेवटची क्वेरी अपडेट स्टॉक. उरलेली ७ ॲक्टिव्ह, पण वेट इव्हेंट टाइप लॉक, आणि क्वेरी परत तीच अपडेट स्टॉक.

अजून एक, मुनीमकाका सहज बोलले की "आधी त्या एकाच डिझाइनच्या चादरीची एंट्री अडते हो, बाकी चालतं, मग थोड्या वेळानी सगळंच बसतं". हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

हुतात्मा_एक्सप्रेस
मुनीमकाकांना नोकरीवर ठेवा राव, अर्धं डिबगिंग त्यांनीच केलं.

बघ काय झालंय. नुसतं आयडल असतं तर ते कनेक्शन फक्त जागा अडवतं. आयडल इन ट्रान्झॅक्शन म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू केलं, अपडेट केलं, आणि कमिट (पक्कं करणं) पण नाही रोलबॅक (मागं घेणं) पण नाही, तसंच सोडून दिलं. त्या डिझाइनच्या स्टॉकच्या ओळीवर त्याचं लॉक आहे. आता दुसऱ्या कुणी त्याच डिझाइनचं डिस्पॅच टाकलं की त्याचं अपडेट त्या लॉकसाठी थांबणार, आणि पोस्टग्रेसमध्ये लॉक टाइमआउट डिफॉल्ट शून्य, म्हणजे कायमचं थांबणार. थांबलेला माणूस पण पूलचं एक कनेक्शन धरूनच थांबलाय. स्क्रीन फिरतीय म्हणून तो परत सेव्ह दाबतो, अजून एक गेलं. म्हणजे खरी गळती फक्त ३, बाकीचे ७ त्यांच्या मागं रांगेत. पूल १०० चा केला असतास तर रांग ९७ ची झाली असती, बाकी काही नाही.

कोण कुणामागं थांबलंय ते पीजी ब्लॉकिंग पिड्स या फंक्शननी सरळ कळतं, ९.६ पासून आहे.

डीबीए_काका
यात अजून एक छुपं नुकसान. उघडं ट्रान्झॅक्शन जोपर्यंत आहे तोपर्यंत व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसची जुन्या ओळींची साफसफाई) त्याच्या नंतर मेलेल्या ओळी काढता येत नाहीत, कारण त्या जुन्या ट्रान्झॅक्शनला कदाचित दिसायला हव्या असतील. तुमच्याकडं रोज रिस्टार्ट होतो म्हणून टेबल फुगलं नसेल. मी अशी एक सिस्टीम बघितली होती जिथं ट्रान्झॅक्शन कित्येक दिवस उघडं होतं, टेबलात ओळी थोड्या आणि फाइल भली मोठी, आणि लोक इंडेक्सवर इंडेक्स लावत बसले होते.

तात्पुरता उपाय म्हणून आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट ६० सेकंद लावा. डिफॉल्ट बंद असतो. लावला की असं बेवारस सेशन पोस्टग्रेस स्वतः तोडतो, लॉक सुटतं. पण हे मलम झालं.

नवीपेठ_नोड
नोडमध्ये हेच जरा वेगळं दिसतं म्हणून टाकतो. पोस्टग्रेससाठीच्या पीजी लायब्ररीत पूलवर सरळ क्वेरी मारली तर घेणं-देणं तीच करते, काही चिंता नाही. पण ट्रान्झॅक्शनसाठी पूल डॉट कनेक्ट करून क्लायंट घेतला की रिलीज आपल्या गळ्यात. आणि तिथं कनेक्शन टाइमआउट डिफॉल्ट शून्य आहे, म्हणजे पूल संपला की एरर पण येत नाही, प्रॉमिस नुसतं लटकतं. लॉग स्वच्छ, सीपीयू शून्य, आणि साइट मेलेली. मी म्हणतो तुमची ३० सेकंदांची एरर म्हणजे सुख आहे.

रिलीज फायनली मध्येच लिहायचं, एरर आली तरी ते चालतंच. ट्रायच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं रिलीज म्हणजे न लिहिल्यासारखं.

जुळे_सोलापूर
पायथॉनवाल्यांसाठी पण एक खड्डा आहे. सगळ्यांना वाटतं विथ कनेक्शन लिहिलं की ब्लॉक संपल्यावर बंद होतं, फाइलसारखं. एसक्यूलाइट३ मॉड्यूलमध्ये आणि सायकोपीजी२ मध्ये तसं होत नाही, तिथं विथ फक्त कमिट किंवा रोलबॅक करतं, कनेक्शन उघडंच. सायकोपीजी ३ मध्ये मात्र बंद होतं. म्हणजे तेच कोड, व्हर्जन वेगळं, वागणं वेगळं. कॉन्टेक्स्टलिबमधलं क्लोजिंग वापरा नाहीतर स्वतः क्लोज म्हणा.

जँगोत रिक्वेस्ट संपली की जँगो बघून घेतं, कॉन मॅक्स एज (कनेक्शन किती वेळ ठेवायचं) शून्य असतं. पण तुम्ही व्ह्यूमधून स्वतःचा थ्रेड काढून त्यात क्वेरी मारली, एसएमएस पाठवायला वगैरे, तर त्या थ्रेडचं कनेक्शन वेगळं असतं आणि त्याला रिक्वेस्ट संपल्याचं कळतच नाही. ते तुम्हालाच बंद करावं लागतं.

शेंगाचटणी
माझं ते "आमच्यात भानगड नाही" जरा आवरतं घेतो. आमच्या लॅराव्हेलच्या क्यू वर्करला (मागं कामं उरकणारी प्रोसेस) हे लागू होतंच की, तो पण तासन्‌तास चालतो. आणि पर्सिस्टंट कनेक्शन चालू केलं असेल तर पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमची जितकी पोरं, म्हणजे प्रोसेस, तितकी कनेक्शन्स बसून राहतात.

टॉवेल_कोडर
सापडलं!! लीक डिटेक्शननी सरळ ओळ दाखवली. स्टॉक अपडेटची एक जुनी युटिलिटी फाइल आहे, बाकी सगळं ॲप जेपीए (कनेक्शन आपोआप सांभाळणारा जावाचा थर) वापरतंय आणि हा एकच गडी डेटासोर्सकडून थेट कनेक्शन घेऊन ऑटो कमिट बंद करून हातानी सगळं करायलाय. क्लोज लिहिलेलं आहे बरं का! शेवटच्या ओळीत. म्हणून मी फाइल चाळली तेव्हा मला काही दिसलं नव्हतं.

क्रम असा आहे: कनेक्शन घे, स्टॉक कमी कर, मग पार्टीचा जीएसटी नंबर तपास, मग डिस्पॅचची ओळ घाल, कमिट, क्लोज. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा नसला किंवा पहिले दोन आकडे राज्याशी जुळले नाहीत, म्हणजे पार्टी हैदराबादची आणि नंबर ३६ ऐवजी २७ नी सुरू, की तिथं एक्सेप्शन फेकतो. खालचं काहीच चालत नाही. स्टॉकची ओळ लॉक, कनेक्शन बाहेर. स्क्रीनवर युजरला "जीएसटी नंबर चुकीचा" असं छान लाल अक्षरात येतं, तो नंबर दुरुस्त करून परत सेव्ह करतो, आणि आता त्याचंच आधीचं लॉक त्याला आडवं येतं!

आणि दुपारीच का, तर कर्नाटक-तेलंगणाच्या पार्ट्यांच्या ऑर्डरी जेवणानंतर टाकतात, ट्रान्सपोर्टवाला कागदावर हातानी नंबर लिहून आणतो, त्यात आठ आणि बी, शून्य आणि ओ, हा सगळा गोंधळ. सकाळी लोकल पार्ट्या, त्यांचे नंबर आधीच मास्टरमध्ये.

उजनी_बॅकवॉटर
म्हणजे कारखाना बंद पडायला कारण कुणाचं तरी अक्षर 😂

हुतात्मा_एक्सप्रेस
अक्षराचं काय, चुकीचा नंबर येणारच, ॲपनी तो नाकारलाही बरोबर. नाकारतानाच्या वाटेवर क्लोज नव्हतं एवढंच. कनेक्शन गळतं ते जवळपास नेहमी याच वाटेवर, कारण सगळं सुरळीत चालतं ती वाट प्रत्येकजण दहादा तपासतो आणि एरर येते ती एकदा पण नाही.

दुरुस्ती: पहिलं, ट्राय-विथ-रिसोर्सेस. जावा ७ मध्ये आलं, २०११ साली, आता तरी सगळ्यांनी वापरायला हरकत नाही. कनेक्शन आणि स्टेटमेंट दोन्ही कंसात टाक, कुठूनही बाहेर पडलं तरी उलट्या क्रमानी बंद होतात. दुसरं, त्याच्या आत वेगळा ट्राय-कॅच करून कॅचमध्ये रोलबॅक स्वतः लिही. हिकारी परत घेताना अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक करते हे खरं, पण सगळे ड्रायव्हर आणि सगळे पूल तसं करतीलच असं नाही, कमिट न करता क्लोज केलं तर काय व्हावं हे जेडीबीसीनी (जावाचं डेटाबेसशी बोलायचं स्टँडर्ड) ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. तिसरं, जीएसटी तपासणीला डेटाबेस लागतच नाही, ती कनेक्शन घ्यायच्या आधी वर उचल.

खरं तर ती फाइल काढूनच टाक आणि स्प्रिंगचा जेडीबीसी टेम्प्लेट वापर, घेणं-देणं तोच करतो. एक सांगून ठेवतो, मेथडच्या वर ट्रान्झॅक्शनल लिहिलं म्हणून आतलं हातानी घेतलेलं कनेक्शन स्प्रिंग सांभाळत नाही, ते त्याच्या हिशोबातच नसतं.

सात_रस्ता
पण मग हे टेस्टिंगमध्ये कसं सापडणार? माझ्या लॅपटॉपवर मी चुकीचा नंबर एकदा टाकून बघेन, मेसेज बरोबर आला, पास म्हणेन. दहा वेळा कोण टाकतं?

हुतात्मा_एक्सप्रेस
चांगलं विचारलंस. टेस्टमध्ये पूल १ चा ठेव आणि कनेक्शन टाइमआउट दोन सेकंद. चुकीचा नंबर टाक, मग लगेच बरोबर नंबर टाक. गळत असेल तर दुसऱ्याच सेव्हला मरतं, दहा वेळा करायची गरजच नाही.

पूल १ ठेवला की अजून एक प्रकार उघडा पडतो, एकाच रिक्वेस्टमध्ये कोड पहिलं कनेक्शन हातात असताना दुसरं मागतो, रिक्वायर्स न्यू (आत वेगळं नवीन ट्रान्झॅक्शन) लावलेलं असलं की हे होतंच. पूल १० चा असताना दहा जणांनी एकदम पहिलं घेतलं आणि सगळे दुसऱ्यासाठी थांबले तर कुणीच सुटत नाही. ही गळती नाही, पण दिसायला हुबेहूब तशीच. टेस्ट तिथं फेल झाली तर घाबरू नको, फक्त ओळखून ठेव.

डीबीए_काका
एक जुना प्रकार सांगतो कारण आपल्याकडं अजून बऱ्याच दुकानांत आहे. डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर, प्रत्येक काउंटरचा पीसी थेट डेटाबेसला जोडलेला, मधे ॲप सर्व्हर नाही. लाइट गेली, पीसी बंद, सर्व्हर यूपीएसवर चालू. पीसीनी जाताना "मी चाललो" असं सांगितलंच नाही, त्यामुळं सर्व्हरला वाटतं तो अजून जोडलेला आहे. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्ह पहिल्यांदा विचारपूस करतो ती डिफॉल्टनी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तास. लाइट परत आली, पीसीनी नवीन कनेक्शन घेतलं, जुनं तसंच, आणि जुन्याच्या हातात लॉक असेल तर काउंटरवाला स्वतःच्याच भुताशी भांडत बसतो. उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट गेली की मोजा किती झाले. तिथं कोड कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, पोस्टग्रेसचा टीसीपी कीपअलाइव्ह आयडल ६० वर आणावा लागतो.

नवीपेठ_नोड
याच्या उलटं मायएसक्यूएलमध्ये. तिथं वेट टाइमआउट २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास कनेक्शन गप्प बसलं की सर्व्हरच तोडतो. संध्याकाळी दुकान बंद, सकाळी पहिली एंट्री फेल, दुसरी पास. लोक म्हणतात सर्व्हरला सकाळी गरम व्हायला वेळ लागतो 😄 पूलचं आयुष्य सर्व्हरच्या टाइमआउटपेक्षा कमी ठेवलं की हे जातं, हिकारीचे ३० मिनिटं म्हणूनच आहेत.

टॉवेल_कोडर
दुरुस्ती चढवली, दुपार गेली, ॲक्टिव्ह दोनच्या वर जात नाहीये. पण लीक डिटेक्शन अजून कधी कधी बोंबलतंय, आणि यावेळी ओळ वेगळी आहे. डिस्पॅच सेव्ह करतानाच ई-वे बिलासाठी बाहेर एपीआयचा कॉल जातो, ५०००० च्या वरचा माल असला की. तो कॉल ट्रान्झॅक्शनच्या आतच आहे. कनेक्शन परत येतं, पण उत्तर येईपर्यंत हातात धरून बसतं.

हुतात्मा_एक्सप्रेस
ही गळती नाही, ही उधारी लांबवणं. तरी वाईटच, कारण दहाजणांचे कॉल एकदम हळू झाले तर पूल तितकाच रिकामा. डिस्पॅच कमिट कर, स्टेटस "ई-वे बाकी" ठेव, ट्रान्झॅक्शनच्या बाहेर कॉल मार, उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये नंबर लिही. कॉल फेल झाला तर ओळ "बाकी" मध्ये दिसेल आणि परत मारता येईल, आत्ता फेल झाला तर सगळं डिस्पॅचच रोलबॅक होत असेल.

आणि ओपन इन व्ह्यू बघ चालू आहे का, स्प्रिंग बूटमध्ये डिफॉल्ट चालू असतं. त्यानी एकदा कनेक्शन घेतलं की रिस्पॉन्स पूर्ण जाईपर्यंत सोडत नाही, मग ट्रान्झॅक्शन लवकर संपवूनही बाहेरचा कॉल चालू असताना कनेक्शन अडकलेलंच राहील. बंद केलंस तर काही पानांवर लेझी लोडिंगच्या (लागेल तेव्हाच डेटा आणायच्या) एरर येतील, त्या एकेक करून बसून काढाव्या लागतात, एका दिवसाचं काम नाही ते.

टॉवेल_कोडर
बरं. आणि महिन्याची स्टॉक रिपोर्ट चार-पाच मिनिटं चालते, ती पण खोटी वॉर्निंग देतीय. थ्रेशोल्ड वाढवू?

डीबीए_काका
वाढवू नका, मग खरी गळती पण लपेल. रिपोर्टसाठी वेगळा डेटासोर्स करा, पूल २ चा, त्याचा थ्रेशोल्ड दहा मिनिटं. दोघांनी एकदम रिपोर्ट काढली तरी डिस्पॅचवाल्यांचे १० सुरक्षित. ॲप्लिकेशन नेम पण दोन्हींना वेगळं द्या, म्हणजे पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत कोण कुठला ते लगेच दिसतं, नाहीतर सगळ्यांपुढं पोस्टग्रेस जेडीबीसी ड्रायव्हर एवढंच येतं.

शेंगाचटणी
पीजी बाउन्सर (पोस्टग्रेसच्या पुढं बसणारा वेगळा पूल) लावायला सांगा की काका, सगळे लावतात आजकाल.

डीबीए_काका
एक ॲप, एक सर्व्हर, १२ कनेक्शन्स. कशाला? उद्या यांच्या पाच-सहा शाखा झाल्या, प्रत्येक ठिकाणी ॲपच्या दोन दोन कॉपी, तेव्हा बघू. आणि तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावला तरी उघडं सोडलेलं ट्रान्झॅक्शन बाउन्सरच्या मागचं खरं कनेक्शन अडवतंच.

उजनी_बॅकवॉटर
आणि मालकाचा नवीन सर्व्हर?

टॉवेल_कोडर
ऑर्डर देऊन झालीय बे. आता त्यावर बॅकअप ठेवू म्हणतो.